खालचा डबा

आमचे हे, अनिल, मोबाइलच्या टॉवरवर चढायचं काम करतात. ऱ्हातो तेलगावला, पण ह्यांचं काम कुठं तलवाड्याला, कुठं नांदूरघाटला. हापिसानं ह्यांना एक यंत्र दिलंय, काडेपेटीहून जरा मोठं. ते छातीला लावून चढायचं. अँटिनाच्या म्होरं लहरी जास्त झाल्या की ते ओरडतं. ओरडलं की खाली उतरायचं, हापिसाला फोन लावायचा, अँटिना बंद झाली की मगच परत चढायचं. कायदा असा हाय.

चालतं कसं ते ऐका. टॉवरखाली यंत्र छातीला लावून फोटो काढायचा, हापिसाला धाडायचा, आन् यंत्र काढून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात टाकायचं. झाकण घट्ट लावलं की ते ओरडत न्हाई. समदे गडी असंच करतात. मला ते डबा घासायला घेतला तवा कळलं. माजं डोस्कंच फिरलं.

"आवो, कावून? सोताच्याच जिवावर उठलाव का?"

"सारखं बोंबलतंय ते. काम कवा करावं?"

चढून आले की हात लावला की ह्यांचा एक गाल गरम लागायचा, चुलीम्होरं बसल्यागत. डोकं धरून बसायचे. बीडचा डॉक्टर म्हणला, कशानं होतंय ते सांगता येत न्हाई. त्याला सांगता येत न्हाई तर मी काय समजावं, कप्पाळ? मी ते यंत्र सदऱ्याला सुईदोऱ्यानं शिवूनच टाकलं. म्हणलं, आता काढा बरं!

त्या दिवशी नांदूरघाटला ते ओरडलं. हे उतरले, फोन लावला. हापिसातला म्हणला, "थांबा, बंद केली तर रेंज जाती, गाव शिव्या घालतंय." हे लिंबाखाली बसले. दिस मावळला तरी अँटिना बंद झाली न्हाई. काम तसंच टाकून घरी आले.

मग कामाला बोलवायला हापिसाचा फोनच यीना. ते काम सिदूनं केलं, ह्यांच्याच जोडीदारानं, यंत्र डब्यात ठिवून. हे ओसरीवर फोन मांडीवर घिऊन बसायचे. माज्यावर रागावले बी न्हाईत. त्याचं मला लई भ्या वाटलं. सासूबाई म्हणल्या, "पोरी, शानपनानं चूल पेटत न्हाई."

शेवटी शिलाई मीच उसवली. ह्यांनी हापिसाला फोन केला, "करतो सायब, तुमी म्हणताल तसं."

आता सकाळी वरच्या डब्यात भाकरी-पिठलं भरते, खालचा रिकामा ठिवते. हे डबा उचलतात, मी चुलीकडं बघते. रडू येत न्हाई. राग बी येत न्हाई, त्याचंच नवल वाटतं.

सांजच्याला डबा उघडते. यंत्रावर हिरवा दिवा असतो. हिरवा म्हंजी धोका न्हाई. डब्याला काय झालेलं नसतं. मी यंत्र पुसून फळीवर ठिवते, ह्यांना च्या देते. गालाला हात लावून बघायचं मी सोडलंय.