आरशातली उमैमा

व्हिडिओ टाकण्याआधी मिहिकाने तो चार वेळा पाहिला होता, आणि चारही वेळा फक्त स्वतःला. हनुवटी जाड दिसतेय का, ड्रेसचा रंग नीट आलाय का, एवढंच. दुसरं काही दिसणार कसं? कॉलेजपासून पोरीचा हाच उद्योग. आता अबू धाबीच्या रीम आयलंडवर चांगली नोकरी लागली, तरी लाइक कमी पडले की बाईसाहेबांना जेवण जायचं नाही. आई वीणा दाराशी येऊन विचारायची, तर "नथिंग, ममा."

शनिवारी दुपारी मोहम्मद बिन झायद सिटीत उमैमाची मेंदी होती, लग्न आठवड्यावर आलेलं. उमैमा रत्नागिरीकडच्या मुसलमान घरातली, मिहिकाची पहिलीपासूनची मैत्रीण. कार्यक्रम फक्त बायकांचा. उमैमाची आई सुमैय्या गोल स्टिकर घेऊन दारातच बसली होती. येणारीच्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक चिकटवायचं, मगच आत सोडायचं. मिहिकानेही फोन पुढे केला, तर सुमैय्या हसली. "तुला कशाला गं? तू घरचीच."

मेंदीतला स्वतःचा व्हिडिओ मिहिकाने रात्रीच टाकला. रविवारी सकाळी उमैमाचा मेसेज आला, 'तुझ्या मागचा आरसा बघ.'

मिहिकाने व्हिडिओ पुन्हा लावला. आरशात उमैमा नाचत होती. केस मोकळे, हात उघडे, डोक्यावर काही नाही. सहावीपासून जिचा एक केस बाहेरच्या पुरुषाला दिसला नव्हता, तिला नऊशे बारा जणांनी बघितलं होतं. त्यात ऑफिसातले होते, शाळेतली मुलं होती. मिहिकाने घाईघाईने व्हिडिओ काढून टाकला, पण आता उपयोग काय? कुणी कुठे पाठवला असेल, देव जाणे.

मग तिला खरी भीती वाटायला लागली. इथे न विचारता कुणाचा फोटो टाकला तर पोलीस केस होते, हे इथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी कळतं. पोलीस बोलावतील, देशाबाहेर काढतील. पण अबू धाबीत जन्मलेल्या मुलीने परत जायचं कुठे? पुण्याला ती फक्त सुट्टीत गेलेली. बाहेर लिफ्ट थांबली तरी ती दचकायची. अनोळखी नंबर दिसला की फोन उलटा ठेवायची. उमैमाला सतरा मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही. शेवटी तिने घरी सांगितलं, तेव्हा वडिलांच्या, अरुणच्या, तोंडचं पाणी पळालं. "माझ्या कंपनीत कळलं तर?" एवढंच ते म्हणाले आणि खुर्चीत बसून राहिले.

मंगळवारी वीणाने गाडीची किल्ली उचलली. "ऊठ. घाबरून किती दिवस बसणार आहेस? जाऊन पाय धर त्यांचे."

दार सुमैय्याने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण तिने दोघींना आत घेतलं.

"सुमैय्याभाभी, पोरगी चुकली," वीणा म्हणाली. "तुम्ही पोलिसात..."

"कसली पोलिसात? माझ्याच मुलीचं नाव आणखी चार ठिकाणी जाईल. लग्नाला काही झालं नाही, अल्लाची मेहेरबानी. खलास. आता विषय नको."

मिहिकाने तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. सुटलो आपण, हेच तिच्या मनात आधी आलं. लाज नंतर वाटली.

तेवढ्यात उमैमा चहा घेऊन आली. लांब बाह्यांचा झगा, स्कार्फ कपाळापर्यंत घट्ट बांधलेला. घरात पुरुष माणूस कुणी नव्हतं. या घरात मिहिकाने तिच्या केसांना तेल लावलं होतं, वेण्या घातल्या होत्या, उवासुद्धा काढल्या होत्या.

"अगं, काढ तो," सुमैय्या म्हणाली. "आपण बायकाच तर आहोत."

"माहितीये, अम्मी."

मिहिकाला वाटलं, यापेक्षा पोलीस आले असते तर बरं झालं असतं. उमैमाने स्कार्फची पिन नीट केली, समोर बसली आणि साखर किती घालू, असं तिला विचारलं.