डावीकडचा लाइल
लाइल हॉफस्टेटरला भावनेचं वावडं होतं, आणि हे तो इतक्या भावुकपणे सांगायचा की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावायचे. ओहायोतल्या आमच्या गावात तो गवत कापायची यंत्रं विकायचा, पण ते पोटापुरतं. खरा कारभार फोनवर चालायचा. आम्हा दहा जणांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये त्याचा संघ होता. खेळाडू मोठ्या संघांतले, खरे. त्यांनी तिकडे चेंडू टोलवला की इकडे आमचे गुण वाढायचे. आम्ही नुसतं ठरवायचं, आज कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं.

आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानात पार मागे उभं राहायच्या, जागा तीन आणि लाइलकडे माणसं पाच. त्यामुळे त्याच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी पंचायत बसायची. वारा कुठला, समोरचा चेंडू फेकणारा डावखुरा आहे का, कुणाची मांडी धरली आहे, हे सगळं उरकल्यावर बायकोला कॉफी मिळायची.

"पोरांची नावं ठेवताना इतका विचार केला नव्हतास," वर्ना म्हणायची.

जुलैत त्याने टेरेल ऑग्बर्नला काढून टाकलं. सदतीस वर्षांचा खेळाडू, कित्येक हंगाम लाइलकडेच असलेला. चर्चच्या आवारात, हातात बटाट्याच्या सॅलडची ताटली धरून लाइलने कारणं सांगितली. "पाय गेलेत त्याचे. नजरही गेली. माणूस चांगला आहे, पण चांगुलपणाचे गुण कोण देतो? डोळे मिटायचे आणि बटण दाबायचं."

"अरे, इतकी वर्षं तुझा होता ना तो?" मर्ल म्हणाला. मर्ल हा वर्नाचा भाऊ, लीगच्या दहांतलाच एक. त्याने त्याच संध्याकाळी ऑग्बर्नला आपल्या संघात उचलून घेतलं. ते ऐकून लाइलची हसून मुरकुंडी वळली.

मर्लने ते मनावर घेतलं नाही. त्याच्या जिवाला वेगळाच घोर होता. चर्चच्या सॉफ्टबॉल संघाचा कप्तान तोच, आणि त्या संघात डाव्या आउटफिल्डला, पोरं शाळेत होती तेव्हापासून, लाइल उभा राहायचा. आता तो एकसष्टचा होता आणि गुडघ्याला पट्टा होता. पण ती जागा म्हणजे त्याचा जीव की प्राण. दुकानात तिथला त्याचा फोटो वर्नाच्या फोटोहून मोठा होता. त्यात यंदा चर्चमध्ये क्लेटन नावाचा व्यायामशिक्षक आला. पळायला लागला की बघत राहावं. सगळा संघ मर्लच्या मागे लागला: याला घे, लाइलला बसव.

हे लाइलच्या कानावर गेलंच. पलीकडच्या मेथडिस्ट चर्चच्या संघाशी शेवटचा सामना होता त्या सकाळी तो सारखा फोन बघत होता, आणि चक्क लीगमधल्या आउटफिल्डसाठी नाही. मर्लचा निरोप येतो की काय, याची धास्ती होती. मैदानावर पोचताच त्याने मर्लला बाजूला घेतलं.

"हे बघ मर्ल, अनुभव म्हणून काही असतं की नाही? माणूस इतकी वर्षं एका जागी उभा राहिला की चेंडूसुद्धा त्याला ओळखतो. सगळं काय आकड्यांत येतं का?"

मर्लने खेळाडूंची यादी घडी करून खिशात घातली. "जा, डावीकडे उभा राहा," तो म्हणाला. क्लेटन बाकावर जाऊन बसला.

शेवटच्या डावात एक चेंडू उंच उडाला आणि सरळ लाइलकडे आला. त्याला पळायचीही गरज नव्हती. चेंडू हातमोज्यात पडला, उसळला आणि गवतावर गेला. तेवढ्यात दोन मेथडिस्ट धाव पूर्ण करून मोकळे झाले, आणि सामना गेला.

नंतर जेवणाच्या टेबलाशी लाइलला कुणी एक शब्द लावून बोललं नाही. सगळे फार प्रेमाने वागले, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. कुणीतरी लोणी चोपडलेलं मक्याचं कणीस त्याच्या ताटलीत आग्रहाने वाढलं. इतक्यात मर्लचा फोन वाजला. ऑग्बर्नने दुपारच्या सामन्यात दोनदा चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून होमरन मारले होते, आणि लीगमध्ये मर्ल लाइलच्या वर गेला होता.

लाइलने फोन हातात घेऊन दोनदा बघितलं. "तुला माहीत होतं? तो अजून चालेल म्हणून?"

"छे रे. मला कुठे कळतंय त्यातलं," मर्ल बोटांचं लोणी पुसत म्हणाला. "मला म्हाताऱ्यांना काढवत नाही, एवढंच. यंदा दोन ठेवले. एक चालला."