कुंदाकाकूंची बसफुगडी

कुंदाकाकू कुणाला भेटल्या की नमस्कार करत नसत. दोन्ही हात तिढा घालून पुढे करायच्या. समोरचीने ते नकळत धरले की तिला एक गिरकी द्यायच्या आणि लगेच निकाल सांगायच्या. माझा निकाल मानपाड्याच्या भाजीवाल्यासमोर लागला. "वजन मागे टाकायला घाबरतेस. मंगळवारपासून तालमीला ये." मी बायकांना मोटार चालवायला शिकवते, दिवसभर दुसऱ्यांच्या भीतीवर ओरडते. मला घाबरट म्हणणारी ही कोण, हे बघायला म्हणून गेले आणि त्यांच्या मंगळागौरीच्या गटात अडकले ती अडकलेच.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. हृदय बंद पडून गेल्या, कॅन्सरने नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण कॅन्सरला फुकटचं श्रेय दिलेलं त्यांना खपलं नसतं.

एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात त्या स्टोअर सांभाळायच्या. निवृत्त झाल्यावर गट काढला. काका त्याआधीच गेलेले. एका कार्यक्रमात यजमानीणबाईंनी विचारलं, "तुम्ही... म्हणजे मंगळागौर खेळलेलं चालतं का तुम्हाला?" काकू म्हणाल्या, "वसंतराव गेलेत हो. माझे गुडघे नाही गेले." आणि उकिडव्या बसून अशी बसफुगडी घातली की यजमानीणबाई पुढचा तासभर पाणीच विचारत होत्या. बसफुगडी हा त्यांचा खास खेळ. उकिडवं बसायचं, जोडीदारणीचे हात धरायचे आणि उड्या मारत एकेक पाय पुढे फेकायचा. चाळिशीतल्या आम्ही दोन मिनिटांत धापा टाकायचो. साठी ओलांडलेल्या काकू वर गातही असायच्या.

तर शौचावाटे रक्त जातंय, हे त्यांनी कित्येक महिने मूळव्याध म्हणून चूर्णावर काढलं. तालमीत एकदा भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या, तशी मी त्यांना गाडीत घातलं आणि ठाण्याला नेलं. तपासण्या झाल्या. गुदाशयाचा कॅन्सर, आणि गाठ अगदी खाली, गुदद्वाराजवळ.

सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. ऑपरेशन लगेच नाही. आधी पाच-सहा आठवडे रोज रेडिएशन, त्या दिवसांत सोबत केमोच्या गोळ्या. मग दोन-अडीच महिने थांबायचं आणि मग ऑपरेशन. दोन्ही आधी दिलं की गाठ आकसते, तिथेच पुन्हा उगवण्याची शक्यता कमी होते. पुरेशी आकसली तर शौचाची नैसर्गिक वाट कदाचित वाचवता येते. नाही आकसली तर पोटावर कायमची पिशवी.

"म्हणजे सुरणासारखं," काकू म्हणाल्या. "आधी उकडायचा, मग चिरायचा."

"साधारण तसंच. काही विचारायचंय?"

"पिशवी लावून बसफुगडी घालता येते का?"

बाईंना बसफुगडी माहीत नव्हती. काकू तिथल्या तिथे पदर खोचून खाली बसायला लागल्या. मी दंडाला धरून उभं केलं. "शब्दांत सांगा," म्हटलं. बाई हसल्या. बाहेर आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "पिशवी नको गं वैशाली. बाकी काय ते करू दे त्यांना."

मुलगा बंगळुरूला, म्हणून ने-आण माझ्याकडे आली. सकाळचे क्लास मी संध्याकाळी ढकलले. या रेडिएशनला मूत्राशय भरलेलं लागतं. ते फुगलं की आतडी वर सरकतात आणि किरणांच्या वाटेतून बाजूला राहतात. पहिल्या दिवशी काकू घरूनच तांब्याभर पाणी पिऊन निघाल्या आणि शीळफाट्यावर कंटेनर आडवा झाला. पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. त्यानंतर पाणी तिथे पोचल्यावरच प्यायचं ठरलं.

तिथे बाहेरच्या बाकांवर सगळेच पाणी पिऊन, पाय आवळून, चेहरे पाडून बसलेले. काकूंना पडलेले चेहरे बघवत नसत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"बाटलीभर पाणी प्याले, आता नाही धीर,
वसंतरावांचं नाव घेते, नका करू उशीर!"

भिवंडीचे एक आजोबा ओरडले, "बाई, हसवू नका! इथे अवघड आहे!" पुढच्या आठवड्यात तेच आजोबा घरून उखाणा जुळवून आणायला लागले.

मग दिवाळी आली. रेडिएशन नेमकं त्याच जागी बसावं म्हणून पोटावर आणि कंबरेवर शाईने खुणा केलेल्या असतात. त्या पुसायच्या नाहीत, तिथे काही चोळायचं नाही, हे त्यांना दहादा सांगितलेलं. पण नरकचतुर्दशीला पहाटे कल्याणहून नणंद आल्या, पाटावर बसवून तेल लावलं आणि उटण्याने खसाखसा घासलं. दिवाळीची पहिली आंघोळ, त्यात अंग कोरडं ठेवायचं कसं? दिवाळीनंतर काकू रेडिएशनच्या टेबलावर चढल्या तेव्हा तंत्रज्ञ मुलीने कपाळाला हात लावला.

"आजी, खुणा कुठे गेल्या?"

"उटण्याबरोबर गेल्या. कच्ची शाई वापरता तुम्ही. आमच्या कारखान्यात पिंपावर नाव घातलं तर पिंप गंजेल पण नाव जायचं नाही."

"आजी, तुम्ही पिंप नाही आहात!"

सगळी मोजमापं नव्याने झाली, अर्धा दिवस गेला. मी चिडले होते. काकू मात्र बाहेर बाकावर प्रत्येकीला सांगत होत्या, "उटणं लावू नका हं. मी करून बघितलंय."

शेवटचे दोन आठवडे वाईट गेले. जुलाब, शौचाच्या जागी आग, गोळ्यांनी तळव्यांची सालं निघालेली. गाडीत एका कुशीवर बसायच्या. एका सकाळी शीळफाट्याच्या अलीकडे म्हणाल्या, "गाडी वळव. मला नाही जायचं."

"इथे वळायला जागा नाही."

"मग पुढे वळव."

"पुढे ठाणं आहे."

कूस बदलून बसल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या हाताखाली बायका शिकतात कशा, देव जाणे." मी पुढचा गिअर टाकला.

रेडिएशन संपलं, थांबायचे महिने गेले, पुन्हा स्कॅन झालं. गाठ चांगलीच आकसली होती. मी खुर्चीतच सुटकेचा श्वास सोडला. सर्जनबाई मात्र सावकाश बोलल्या. आता वाट वाचवता येईल, पण आतडं फार खाली जोडावं लागेल. काहींना ते छान जमतं. काहींना दिवसातून अनेकदा जावं लागतं आणि आली की थांबवता येत नाही. तुमचं कसं होईल, हे आधी सांगता येणार नाही. दुसरा मार्ग कायमच्या पिशवीचा. कॅन्सरच्या दृष्टीने दोन्ही ठीक. "घाई नाही, घरी विचार करा."

काकूंनी गाडीत बसताबसताच विचार केला. "पिशवी घेते."

मी गाडी बाजूला घेतली. "काकू, एवढे खेटे घातले आपण, कशासाठी? पिशवी नको म्हणून ना?"

"गाठ आकसली ती काय वाया गेली? परत उगवायची भीती कमी झाली. आणि आपला कार्यक्रम तीन तासांचा. मधेच आली तर मी काय करू, फुगडी सोडून पळू? पिशवीचं कसं, बांधली की बांधली."

"मग आधी नको का म्हणत होतात?"

"तेव्हा ती माझ्या गळ्यात पडत होती. आता मी घेतेय. फरक कळत नाही तुला?"

मला कळला नव्हता. मुलाने फोनवर वाद घातला, नणंदेने डोळे पुसले, काकू हलल्या नाहीत. ऑपरेशन झालं, उरलेली केमो झाली. पिशवी बदलायला त्या आठवड्याभरात शिकल्या आणि मलाही शिकवलं. त्या श्रावणात खुर्चीत बसून नुसत्या गायल्या.

पुढच्या श्रावणात, डॉक्टरांची परवानगी खिशात टाकून, ठाण्याच्या एका सभागृहात उभ्या राहिल्या. नऊवारीच्या आत पोटाला रुंद पट्टा. जोडीला मलाच घेतलं. विंगेत मी कुजबुजले, "काकू, सुटली तर?"

"सुटली तर पडदा पाडायचा. मंडळ आपलंच आहे."

आम्ही उकिडव्या बसलो. गाणं सुरू झालं. काकू उडत होत्या, पाय फेकत होत्या, वर गातही होत्या. सभागृह टाळ्यांनी ठेका धरत होतं. संपल्यावर माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, विंगेत गेल्या, भिंतीकडे तोंड करून पोट चाचपलं आणि वळल्या.

"जागेवर आहे. पण तू प्रत्येक पायाला मागे पडत होतीस. लक्ष कुठे होतं?"

"तुमच्या पिशवीकडे."

"कमाल आहे," काकू घाम पुसत म्हणाल्या, "मला तर तिची आठवणच नव्हती."