लोसेली आत्याचा हुकूम

डग्लस कमरेला चटई गुंडाळून उना आत्याच्या ओसरीत बसला होता, आणि ती चटई मयताची होती.

लोसेलीनं ते फाटकातूनच ओळखलं. जाडीभरडी, कडा झडलेली. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की टोंगन लोक कमरेला बांधतात ती; मान द्यायला बांधतात ती वेगळी, बारीक विणीची. उना आत्या पोट धरून हसत होती. "अगं ये, ये! याला विचार, कोण मेलंय!" काही न कळता डग्लसही हसला. त्याच्या पायाशी डबाबंद गोमांसाचं खोकं होतं. आत्याकडे जाताना काय न्यायचं, एवढं मात्र तो बरोबर शिकला होता.

डग्लस म्हणजे पक्षाचा या पट्ट्यातला कारभारी. लोसेली टोंगाहून ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनव्हेलला आली ती द्राक्षं खुडायला. पुढे ती पॅकिंग शेडमध्ये लागली, मग दवाखान्यात दुभाषी झाली, मग कौन्सिलवर निवडून आली. मजुरांचे ठेकेदार एकेका घरात माणसं कोंबायचे. तुंबलेल्या संडासाच्या दाराशीच गाद्या मांडलेल्या असायच्या. कौन्सिलनं नोटीस काढली की ठेकेदार घर बदलायचा, गाद्या त्याच. हे थांबवायचं तर कायदा हवा, आणि तो होतो मेलबर्नला, राज्याच्या विधानसभेत. म्हणून तिनं पक्षाचं तिकीट मागितलं.

तिकीट कुणाला, हे पक्षाचे सदस्य मतदानानं ठरवतात. आणि रॉबिनव्हेलमधले बहुतेक सदस्य म्हणजे लोसेलीचंच गोत. डग्लसनंच त्यांना चर्चच्या दारात उभं राहून नोंदवून घेतलं होतं. "तुझी माणसं, तुझी मतं," असं तेव्हा म्हणाला होता.

"बस," आत्या म्हणाली. "या पोराला मी शब्द दिलाय. त्याचा तो कोण आहे ना, ठेकेदाराचा जावई, त्याला आपल्या घरातली मतं द्यायची."

"आत्या, त्याच्याविरुद्ध मीच उभी आहे."

आत्याचं हसू थांबलं. "हे नाही बोललास रे, मेल्या!" ती टोंगनमध्येच डग्लसवर खेकसली. मग खालच्या आवाजात, "पण शब्द गेला गं. आता या वयात जीभ फिरवू?"

डग्लसला भाषा कळली नाही, पण घरातला वारा कळला. फाटकापर्यंत तो लोसेलीबरोबर आला. "तुमच्यात बापाच्या बहिणीचा शब्द मोडत नाहीत ना? मेहेकितांगा. बरोबर म्हणतोय ना मी?"

बरोबरच म्हणत होता. बाळंतिणीच्या उशाशी, लग्नात, मयतात जिच्यापुढे सगळं घर मान खाली घालतं, तिचं नाव त्याच्या तोंडून ऐकताना लोसेलीला शिसारी आली. कुणी परक्यानं न विचारता आपल्या स्वयंपाकघरात शिरून पातेल्यात बोटं घालावीत, तसं वाटलं.

पण डग्लसचं शिक्षण अर्धंच झालं होतं. उना ही लोसेलीची आणि तिच्या भावांची आत्या. भावांच्या पोरांवर पहिला हक्क मात्र लोसेलीचा. त्यांची आत्या ती. आणि सदस्यांत भरणा होता तो त्या पोरांचाच.

रविवारी चर्चनंतर तिनं भाचरांना घरी बोलावलं. भाऊ रीतीप्रमाणे बहिणीसमोरून उठून बाहेर गेले. नारळाच्या दुधातला लू, म्हणजे अळूच्या पानांत शिजवलेलं मांस, सगळ्यांच्या पानात पडल्यावर लोसेली म्हणाली, "शनिवारी मत मला द्यायचं."

"बाबा तर म्हणतात, उना आजीनं दुसरंच सांगितलंय," एक भाचा पुटपुटला.

"ते तुझ्या बापाला. तुला मी सांगतेय."

"पोहोचलं!" तो म्हणाला, आणि सगळे हसले. पेलेनाइसे हसली नाही. ही थोरल्या भावाची मुलगी, बेंडिगोला वकिली शिकत होती.

"आत्या, हा हुकूम आहे की विनंती?"

"विनंती असती तर?"

"तर विचार केला असता. बहुतेक तुलाच दिलं असतं."

"बहुतेक?"

"मला माझं ठरवायचं होतं गं."

लोसेलीच्या डोळ्यांपुढे त्या गाद्या आल्या. हे 'बहुतेक' सगळ्या पोरांना परवडायला लागलं, तर ठेकेदाराचा जावई सहज निवडून येणार होता.

"हुकूम," ती म्हणाली. घास कडू लागला, तरी तिनं गिळला.

शनिवारी गावच्या सभागृहात लोसेलीनं स्वतःचं मत ठेकेदाराच्या जावयाला दिलं. तिच्या आत्याचा शब्द होता. मग पेलेनाइसे आली. तिनं मतपत्रिका घडी न घालता लोसेलीपुढे धरली. "बघून घे, आत्या." आणि तशीच पेटीत टाकली. तिच्यामागून एकेक भाचा, एकेक भाची तेच करत गेली. त्यांना वाटलं, रीतच आहे.

तिकीट लोसेलीला मिळालं. डग्लस आधी पांढरा पडला, मग खुलला. घामट हातात तिचा हात धरून म्हणाला, "हे मला आधी सांगायचंस ना! शेजारच्या मिल्ड्यूराला आहेत का गं तुझी आणखी भाचरं?"

त्याच्यापेक्षा तिला स्वतःचीच किळस अधिक आली, कारण नाही म्हणायच्या आधी ती मनात नावं आठवून गेली होती.

पुढे निवडणूक जिंकून ती विधानसभेत गेली. पेलेनाइसेनं पक्ष सोडला, आत्याला नाही. दर रविवारी येते, पहिलं ताट आत्याला वाढते. लोसेली तिला आपली भाषणं वाचून दाखवते. "कसं झालंय? खरं सांग."

"छान, आत्या."

"चुकलंय कुठे?"

"कुठेच नाही, आत्या."