सर्व्हरमागची ढील

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पनवेलजवळच्या कोन गावात, एका कंटेनर यार्डात नोकरीला होते. कॉम्प्युटर रूम माझ्या ताब्यात. लोखंडी रॅकमध्ये चार सर्व्हर एकावर एक बसवलेले. पुढून सगळं झकपक, मागे मात्र वायरींचा नुसता गुंता.

एकदा मुंबईहून आलेल्या इंजिनिअरने दुरुस्तीसाठी एक सर्व्हर पुढे ओढला आणि त्या गुंत्यात खालच्या सर्व्हरची पॉवरची वायर निघाली. ट्रकांचे गेटपास निघायचे थांबले. ट्रकांची रांग पार हायवेपर्यंत गेली. मॅनेजर तणतणत आत आले.

"हे जंगल कोण साफ करणार?"

"मी करते," मी म्हणाले. ज्या नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं ती मला झोंबली.

रविवारी यार्ड बंद असायचं. मी आणि यार्डाचे वायरमन काका, कोन गावातलेच, सकाळीच कामाला लागलो. एकेक वायर सोडवली. पॉवरच्या वायरी डावीकडून, नेटवर्कच्या उजवीकडून नेल्या. मी वायरींना लावत होते त्या इंग्रजी चिठ्ठ्या काकांना वाचता येत नव्हत्या, म्हणून त्यांनीच सुचवलं, "रंगीत टेप लावू." प्रत्येक सर्व्हरला एक रंग, वायरीच्या दोन्ही टोकांना. दुपारपर्यंत मी सगळं प्लॅस्टिकच्या टाय-पट्ट्यांनी करकचून बांधलं आणि खुशीत एक सर्व्हर पुढे ओढला. टक्कन आवाज झाला. वायर निघाली होती.

काका रॅकमागे वाकून बघत होते.

"ताई, बांदलाय छान. पन मशीन पुढं येनार, तर वायर कुठून येनार? आमी पंख्याला वायर देतो तवा पन हातभर सोडून ठेवतो."

परत सगळे टाय कापले. आता प्रत्येक सर्व्हरमागे वायरीला ऐसपैस वळण ठेवलं. सर्व्हर पुढे ओढला की ते उलगडायचं, आत ढकलला की दुमडायचं. संध्याकाळपर्यंत चारही सर्व्हर पुन्हापुन्हा आतबाहेर करून पाहिले. एकही वायर निघाली नाही.

महिन्याभराने, ऐन गर्दीच्या दिवशी, एका सर्व्हरचा पंखा घरघरायला लागला. तोच इंजिनिअर आला.

"पंखा चालू मशीनमध्ये बदलता येतो, पण तुमच्याकडे वायरी निघतात, ती रिस्क नको. सगळं बंद करा."

"काही बंद करायचं नाही," मी म्हणाले आणि सर्व्हर पूर्ण बाहेर ओढला.

मॅनेजरनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. बाहेर गेटपासचा प्रिंटर करकरतच होता. पंखा बदलला, झाकण बसवलं, सर्व्हर आत ढकलला. प्रिंटर क्षणभरही थांबला नाही.

इंजिनिअर रॅकमागे उकिडवा बसला. "हे कुठल्या कंपनीकडून करून घेतलंत?"

"आमच्याच या दोघांनी केलंय," माझ्याकडे आणि दारात उभ्या काकांकडे बोट दाखवत माझ्याआधी मॅनेजरच बोलले.

इंजिनिअरने कागद काढून त्या वळणाचं चित्र काढायला घेतलं. दारातून काका म्हणाले, "नीट काडा साहेब, वळन गोल हाय, कोपरा नाय."

पुढच्याच आठवड्यात हेड ऑफिसची कॉम्प्युटर रूम लावून देण्यासाठी मला बोलावणं आलं. मी एकच अट घातली, काका सोबत हवेत. मॅनेजर हसले आणि दोघांसाठी जीप मागवली.