काही सांडलं होतं का?

चहा मी सांडला. हे एवढं वाक्य लिहायला मला जवळजवळ तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी इतर बरंच लिहिलं. एक नोटीस लिहिली, सोसायटीच्या ग्रुपवर एक इशारा लिहिला. सगळं शुद्ध आणि मुद्देसूद. फक्त हे वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

लॅपटॉप बायकोचा. ती घरी बसून भाषांतरं करते. औषधांची माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका, असलं काम. जेवणाच्या टेबलाचं खिडकीकडचं टोक तिचं, आणि तिथे कप न्यायचा नाही हा आमच्या घरातला सगळ्यांत कडक नियम.

मी दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत ग्राहकांना मार्गदर्शन करायला बसतो. लोक बिघडलेल्या मिक्सरच्या, न आलेल्या पार्सलांच्या कहाण्या घेऊन येतात, मी त्यांना तक्रार लिहून देतो. नोकरीत मला कोणी फारसं विचारत नाही. त्या खोलीत विचारतात. त्या रविवारी बायको भाजीला गेली होती आणि मी तिच्या लॅपटॉपवर शेजारच्या आजोबांच्या गीझरची तक्रार टाइप करत होतो. डाव्या हाताला चहा. ‘कंपनीने अक्षम्य निष्काळजीपणा दाखवला आहे’ एवढं लिहून झालं आणि कोपर लागलं.

लॅपटॉप उलटा केला, पंचाने टिपला, तिच्या हेअर ड्रायरने वाळवला, मग गॅलरीत गवती चहाच्या कुंडीला टेकवून उन्हात ठेवला. ती जिना चढायच्या आत तो पुन्हा टेबलावर होता आणि चालूही झाला होता. चालू झाला म्हणजे काही घडलंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

तीन आठवड्यांनी तो बंद पडला. बटण दाबलं तरी दिवासुद्धा लागेना. वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. बायको खुर्चीत तशीच बसून राहिली. तिची एक पुस्तिका अर्धी त्यात अडकली होती.

“माझंच चुकलं हो,” ती म्हणाली. “परवा पाठ दुखत होती म्हणून पलंगावर उशीवर ठेवून काम केलं. तापला असणार.”

“असू दे गं,” मी म्हणालो. “होतं असं.”

मी तिला मोठ्या मनाने क्षमा केली. आज हे आठवलं की मान खाली जाते.

कायदा मला पाठ होता. वॉरंटी संपली म्हणून हक्क संपत नाही. मुळात बनवतानाच वस्तूत दोष राहिला असेल तर नंतरही दाद मागता येते, पण तो दोष जाणकाराकडून तपासून सिद्ध करावा लागतो. हे मी किती जणांना सांगितलं असेल. म्हणून कंपनीच्या सेवा केंद्रात मी छाती काढूनच गेलो. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “सर, आधी उघडून बघावं लागेल. आत ओल किंवा गंज दिसला तर फोटो काढून रिपोर्टला जोडतो. मग पूर्ण बोर्डच बदलावा लागतो.”

फोटो म्हटल्यावर मी लॅपटॉप पुन्हा पिशवीत घातला. घरी येऊन सांगितलं, “लुटायला बसलेत. यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.” तिने विश्वास ठेवला. चोवीस वर्षं ठेवतेच आहे.

सोसायटीतले बरेचजण आपली यंत्रं कसबा पेठेतल्या एका दुकानात देत. मी स्कूटर लांब लावून चालत गेलो. बोळात तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज चालू होता आणि त्या आवाजात एक चाळिशीचा माणूस भिंगाखाली मान घालून बसला होता. मूळचा वर्ध्याकडचा, आधी कारखान्यात होता, असं ऐकलं होतं. बोलण्यात तिकडचा हेल होता आणि खरं सांगायचं तर तो हेल ऐकून मी मनातल्या मनात एक पायरी वर चढून बसलो.

“काही सांडलं होतं का जी याच्यावर? पाणी, चहा?”

“नाही.”

“घरातल्या कोणाकडून?”

“अहो, नाही म्हटलं ना. तुम्ही दुरुस्ती करता की उलटतपासणी?”

तो हसला. त्याने पावतीवर लिहिलं, ‘ग्राहक सांगतात, काही सांडलेलं नाही’, आणि पावती माझ्यापुढे सरकवली. “सगळ्यांच्याच घेतो सही. राग नका मानू. जे सांगाल त्याच्यावरून मी कुठवर उघडायचं ते ठरवतो.”

मी सही केली. माझी सही मोठी आहे, खाली रेघ मारतो.

चार दिवसांनी लॅपटॉप परत मिळाला. वीज पोचवणारा एक भाग जळला होता, तो त्याने बदलला होता, आणि कामाची तीन महिन्यांची हमी लिहून दिली होती. बायकोने पुस्तिका पुरी केली. तेराव्या दिवशी लॅपटॉप पुन्हा बंद.

“जगाच्या तक्रारी लिहिता,” ती म्हणाली, “आणि आपल्या घरच्या वेळी गप्प? लिहा की दोन ओळी.”

तेव्हा तरी सांगायचं. ती समोर उभी होती, हाताला पोळ्यांची कणीक. मी म्हणालो, “लिहितोच आता.” आणि दोन ओळींच्या जागी दोन पानं लिहिली. सेवेतील त्रुटी, ग्राहकाची फसवणूक, पंधरा दिवसांची मुदत, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. सदाशिव पेठेतून कसब्यात स्पीड पोस्टने. चालत वीस मिनिटांचं अंतर, पण त्याच्या तोंडासमोर उभं राहायची माझी तयारी नव्हती. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकला आणि खाली दुकानाच्या नावानिशी लिहिलं: या दुकानापासून सावध राहा, दुरुस्ती वरवरची करतात.

खाली अंगठ्यांची रांग लागली. ‘तुम्ही सांगितलंत म्हणजे प्रश्नच नाही.’ तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आपला कंप्युटर दुरुस्ती अर्धी असतानाच उचलून घेऊन आल्या आणि ते त्यांनी ग्रुपवर अभिमानाने कळवलं. अध्यक्षांनी सोसायटीच्या कॅमेऱ्यांचं काम त्याला द्यायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. त्या माणसाचं दुकान नावावर चालत होतं, आणि ते नाव मी एका संध्याकाळी पुसायला घेतलं होतं.

नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. “घेऊन या सर. तुमच्यासमोर उघडतो.”

मी गेलो, कारण न जाण्याला कारण सुचेना. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. त्याने या वेळी कीबोर्ड पूर्ण सोडवला. खाली तपकिरी डाग होता, वाळून चकाकणारा, आणि बोर्डाच्या कडेला हिरवट गंज. त्याने चिमट्याने काहीतरी उचललं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. गाळणीतून निसटलेली, केसाएवढी एक काडी.

त्याने कागद भिंगाखाली सरकवला. “गवती चहा घालता का तुम्ही?”

मी पिशवीचा बंद नीट करायला लागलो.

“पहिल्यांदाच सांगितलं असतं तर बोर्ड काढून धुतला असता. अर्ध्या दिवसाचं काम. मले वाटलं, साहेब सांगतात तर नसन सांडलं.” त्याने कागदाची पुडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. “धुऊन देतो. हमीत बसवतो.”

“पावती आहे तुमच्याकडे,” मी कसाबसा म्हणालो. “माझी सही. सोसायटीत दाखवली असतीत तर—”

“तुमचे अध्यक्ष आले होते विचारायला. नाही सांगितलं काही.” तो स्क्रू एका चुंबकावर ओळीने लावत होता. “माझ्याकडे येतं ना सर, त्यातलं अर्धं घरच्यांपासून लपवलेलं असतं. नवऱ्यानं पाडलं ते बायकोला माहीत नसतं, पोरानं पाणी सांडलं ते बापाला. मी एकाचं दुसऱ्याला सांगत बसलो तर घराघरात भांडणं लागतील. मॅडमना माहीत आहे का तुमच्या?”

“नाही.”

“मग कसं दाखवणार?”

तिथेच माफी मागायला हवी होती. कोणी तिसरं नव्हतं, माणूस समोर होता, पुरावा डब्यात होता. मी “आभारी आहे” म्हणालो. दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन आलो, तो तेव्हापासून नीट चालतो आहे. बायको खूश. “बघा, नोटिशीचा उपयोग झाला,” म्हणाली. मी ग्रुपवरचा इशारा तसाच राहू दिला. जुन्या संदेशांखाली तो आपोआप गाडला जाईल, असं मनाशी म्हणत राहिलो.

तो गाडला गेला नाही. दीड महिन्याने शनिवारी एक गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. हातात बंद पडलेला लॅपटॉप आणि माझ्याच नोटिशीची छापील प्रत. कोणीतरी ग्रुपवरचा फोटो पुढे फिरवला होता. तक्रार त्याच दुकानाविरुद्ध.

“अगदी अशीच लिहून द्या,” ते म्हणाले. “फक्त नाव बदला. तयार माल आहे.”

लिहायला घेण्याआधी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो. सवयीने विचारून गेलो, “तुमच्याकडून काही चूक झाली होती का? पडला, काही सांडलं?”

“नाही.”

इतक्या पटकन आलं ते, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघितलं. ते खरं बोलत असतील, नसतील. मला कळायला मार्ग नव्हता. पण ते ‘नाही’ माझ्या ओळखीचं होतं. मी पेन खाली ठेवलं. “ही नोटीस खोटी आहे,” मी म्हणालो. “मी लिहिलेली आहे, म्हणून सांगतो. तुम्ही आधी त्या दुकानात जा आणि त्यांच्यासमोर उघडून घ्या.”

त्यांनी नोटिशीची प्रत उचलली. “मग तुम्ही इथे कशाला बसता?” म्हणाले आणि उठून गेले.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कामात होती. तिने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, चहाबद्दल बोलेल.

“दोन-अडीच महिने मी उशीला दोष देतेय,” ती म्हणाली. “पाठ मोडली तरी टेबलावर बसतेय. आणि तुम्ही बघत होतात.”

मी तिची माफी मागितली, तिने ती घेतली नाही, निदान त्या दिवशी तरी. रात्रीच्या जेवणानंतर मी ग्रुपसाठी खुलासा लिहायला बसलो. त्यात परिस्थिती होती, गैरसमज होता, माझा हेतू कसा वाईट नव्हता ते होतं. तिने पाठीमागून वाचलं. “आजोबांच्या गीझरसारखंच लिहिलंय. सांडला कोणी, ते लिहा आणि थांबा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कसब्यात गेलो. तो दुकान झाडत होता. दोन गिऱ्हाइकं आधीच पायरीवर उभी होती. मी ती जायची वाट बघायला लागलो आणि मग लक्षात आलं की पुन्हा तेच करतोय. मी त्यांच्यादेखतच फोन काढला आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. त्याने केरसुणी बाजूला ठेवून ऐकलं.

“घरी सांगितलं?” त्याने विचारलं.

“सांगितलं.”

“मग टाका. आणि ते ‘सावध राहा’ लिहिलं होतं ना, ते पण परत घ्या. फिरत फिरत आमच्या पोरीकडे आलं होतं, वाचलं तिनं.”

त्याला मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. मी आणखी एक ओळ जोडली, ती त्याला वाचून दाखवली आणि तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर टाकलं:

‘लॅपटॉपवर चहा मी सांडला होता. दुकानदारांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो आणि तसं लिहून सही केली. त्यामुळे त्यांची पहिली दुरुस्ती टिकली नाही. त्यांचं काम चोख होतं. सावध राहा असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. त्यांची, त्यांच्या मुलीची आणि माझ्या बायकोची मी माफी मागतो.’

मग फोन खिशात ठेवला आणि जे लिहिण्यापेक्षा अवघड होतं ते त्याच्याकडे बघून म्हणालो, “मी तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा.”