भरलेले पद

पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी सव्वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो. त्यातली पहिली आठ वर्षं मी काम केलं.

दुसरीत असताना गोवर झाला आणि त्यात माझी दृष्टी गेली. अंधशाळेतून दहावी झाल्यावर शासनाच्या प्रशिक्षण केंद्रात गेलो, तेव्हा पुढे दोनच वाटा होत्या: खुर्च्या विणायच्या किंवा टेलिफोनचा बोर्ड शिकायचा. वेताने माझी बोटं चिरायची, म्हणून मी बोर्ड घेतला. दर मार्चमध्ये केंद्रावर एक साहेब यायचे आणि आमच्या शिक्षकांना विचारायचे, "किती शिकले? किती लागले?" लागले म्हणजे नोकरीला लागले. अपंगांना शिकवायचं आणि कामाला लावायचं, असं शासनाचं वर्षाचं उद्दिष्ट ठरलेलं असे. शिकून बारा वर्षं वाट पाहिल्यावर, बत्तिसाव्या वर्षी मी लागलो, तेव्हा केंद्रात बोलावून साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. फोटो काढत होते, असं मला नंतर कळलं.

आम्ही येरवड्याला राहायचो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. माझी नेमणुकीची ऑर्डर घेऊन ते विहारात गेले आणि वंदना झाल्यावर त्यांनी ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली, खालच्या 'प्रत माहितीसाठी'पर्यंत. घरात कार्यालयात खुर्चीची नोकरी मिळालेला मी पहिला. तोही डोळे नसलेला. आई म्हणाली, आता मला काळजी नाही.

ती पहिली आठ वर्षं चांगली गेली. कॉल आला की बोर्डावरची छोटी झडप खटकन पडायची. बोटांनी ती शोधायची, दोरीची पिन खोचायची आणि बोलायचं. अडीचशे नंबर मला पाठ होते. कोण रजेवर आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाच्या आवाजात आज ताप आहे, हे माझ्याइतकं त्या इमारतीत कोणाला ठाऊक नव्हतं. साहेब म्हणायचे, "ऑपरेटर, मला ते सोलापूरवाले द्या." आणि मला कोणते सोलापूरवाले ते कळायचं.

मग बाहेर सगळंच बदलायला लागलं. आमच्या वस्तीतली पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली, सकाळी रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांचे हॉर्न ऐकू येऊ लागले. कार्यालयात नवीन यंत्र आलं. प्रत्येक टेबलावर स्वतःचा नंबर, ज्याने त्याने थेट लावायचा. दोन माणसं येऊन माझा बोर्ड उचलून घेऊन गेली. ते स्क्रू काढत होते तेव्हा मी खुर्चीवरच बसलो होतो. एकजण म्हणाला, "काका, जरा पाय वर घ्या."

मी वाट पाहिली. दोन आठवडे, मग दोन महिने. शेवटी अधीक्षकांकडे गेलो आणि काहीतरी काम द्या म्हणालो.

"अहो, पद टेलिफोन ऑपरेटरचं आहे तुमचं. दुसरं काम कसं देणार?"

"पण टेलिफोनच नाही."

"पद आहे ना. पगार वेळेवर होतोय. तक्रार नेमकी कशाची आहे?"

जिन्याशेजारच्या माझ्या बोर्डाच्या रिकाम्या खोलीत सकाळी पावणेदहाला जाऊन बसायचं आणि पावणेसहाला उठायचं. सुरुवातीला मी ब्रेलमधलं मासिक नेऊन वाचायचो. कोणीतरी तक्रार केली की कर्मचारी कार्यालयीन वेळेत अवांतर वाचन करतात. अधीक्षकांनी समज दिली. नुसतं बसलेलं मात्र कोणाला खटकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्ध्या तासात संपायचा, म्हणून मी सावकाश चावायला शिकलो. दुपारी तीन ते चार हा तास सगळ्यांत वाईट. त्या तासाला मला कधीकधी वाटायचं, मोठ्याने ओरडावं. ओरडून काय म्हणायचं, ते सुचायचं नाही.

दरवर्षी वरून एक विवरणपत्र यायचं: अपंगांसाठी राखीव पदं किती, त्यांतली भरलेली किती. आस्थापना शाखेतल्या एक ज्येष्ठ लिपिक बाई ते भरायच्या. तिरकस बोलायच्या, पण मनाने सरळ. त्या माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "ऑपरेटर, यंदाही तुम्ही भरलेले आहात."

एकदा मी विचारलं, "बाई, कामाचा रकाना आहे का त्यात?"

त्यांनी कागद खालपर्यंत वाचला. "नाही. शेरा म्हणून एक आहे. त्यात काय लिहू?"

"काही नको," मी म्हणालो.

चाळिशी ओलांडल्यावर मी कोथरूडला एका संस्थेच्या वर्गात जाऊ लागलो. तिथे अंधांना कॉम्प्युटर शिकवायचे. ऑफिस सुटलं की दोन बस बदलून जायचं. शिकवणाऱ्या बाई स्वतः अंध, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवायचा, पण अमेरिकी नाकातून आणि इतक्या भरभर की पहिल्या दिवशी मला एकही शब्द लागला नाही. बाई म्हणाल्या, "आपण फोनवर आयुष्य काढलंय ना? मग याचाही आवाज ओळखीचा होईल." दोन महिन्यांत झाला. तसं टायपिंग मी केंद्रातच शिकलो होतो. ज्या दिवशी मी स्वतः पत्र लिहून, स्वतः ऐकून, स्वतः दुरुस्त केलं, त्या दिवशी घरी येऊन बायकोला ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. साधं रजेचं पत्र होतं. ती बालवाडीत शिकवते. म्हणाली, "रजा मंजूर."

कार्यालयात मी कॉम्प्युटरसाठी अर्ज केला. अकरा महिन्यांनी उत्तर आलं. आस्थापनेच्या बाईंनी वाचून दाखवलं: सदर पदास संगणक अनुज्ञेय नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती. माझं पद मृत संवर्गात टाकलं होतं. म्हणजे त्यावर बसलेला माणूस निवृत्त झाला की पदही संपायचं.

"मृत कोण, मी की पद?" मी विचारलं.

"तुम्ही दोघांनी ठरवा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "चहा सांगू का?"

त्याच सुमारास क्लासच्या बाईंनी मला एका खासगी कंपनीत मुलाखतीला पाठवलं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून कॉम्प्युटरवर नोंदवायच्या, असं काम. मुलाखत घेणारी मुलगी मराठी-इंग्रजी मिसळून बोलत होती. तिने मला एक खोटी तक्रार सांगितली, मी ती ऐकत ऐकत टाइप केली. ती म्हणाली, "सर, तुम्ही मध्ये काहीच विचारलं नाहीत."

"आपण सगळं सांगितलंत."

ती हसली. "कधीपासून जॉइन होऊ शकाल?"

बसस्टॉपवर येऊन मी बराच वेळ नुसता उभा राहिलो. आपल्या नंबरच्या दोन बस निघून गेल्याचं कंडक्टरच्या ओरडण्यावरून कळलं.

घरी सांगितलं. वडील तेव्हा थकले होते, पण आवाज तोच होता. म्हणाले, "सरकारी नोकरी सोडणारा आपल्या वस्तीत अजून जन्माला यायचाय." बायको मात्र म्हणाली, "तुम्ही जा. रोज संध्याकाळी तुमचं तोंड मी बघते. तुम्हाला ते दिसत नाही, मला दिसतं."

मी राजीनामा टाइप केला, क्लासच्या बाईंनी छापून दिला. तो अधीक्षकांपुढे ठेवला. त्यांनी वाचला. रागावले नाहीत.

"बसा," ते म्हणाले. "तुम्ही गेलात की हे पद आजच रद्द होणार. एक अंध माणूस इथे कामाला होता, तो उद्यापासून नाही. ते पद तुमच्यासारख्या दुसऱ्याला मिळणार नाही. तुमचं मन त्याला तयार आहे का?"

"मी राहिलो तरी कोणाला मिळणार आहे?"

"नाही मिळणार. पण निदान तोपर्यंत आहे."

तो युक्तिवाद पोकळ होता, हे मला तिथे बसूनही कळत होतं. तरी मी कागद परत घेतला. त्यांनी मला अडवलं नाही. वडिलांनीही नाही. बायकोने तर दार उघडून दिलं होतं. इतकी वर्षं बसून बसून माझ्यातच काहीतरी आखडलं होतं. त्या मुलीला मी फोन करून नाही म्हणालो. ती म्हणाली, "ओके सर, नो प्रॉब्लेम," आणि फोन ठेवला. बायको आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

नंतर आस्थापनेच्या बाईंचे हात सांधेदुखीने धरले. एके दिवशी दुपारी त्यांनी शाखेतला जुना कॉम्प्युटर शिपायाकडून माझ्या खोलीत आणवला. म्हणाल्या, "हा नादुरुस्त दाखवलाय. तुमचं ते बोलणारं काय असेल ते टाका. मी सांगते, तुम्ही टाइप करा. कोणाला सांगायचं नाही." त्यानंतर त्या शाखेची निम्मी पत्रं मी टाइप केली. अपंगांच्या भरतीचं ते वार्षिक विवरणपत्रही. तोवर त्यावर अपंगऐवजी दिव्यांग आलं होतं, रकाने तेच होते. माझ्या स्वतःच्या पदापुढे 'भरलेले' मीच टाइप केलं. तीन ते चार हा तास मात्र कधी गेला ते कळेनासं झालं. बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी आलेल्यांनी चौकशी केली आणि कॉम्प्युटर भंगारात गेला. माझी शेवटची पावणेदोन वर्षं पुन्हा तशीच गेली.

निरोपाच्या दिवशी साहेब बोलले. मी अनेकांसाठी प्रेरणा आहे, असं म्हणाले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, "मला काम करता येत होतं." पुढे बरंच बोलायचं ठरवून आलो होतो, पण तेवढंच बोलून खाली बसलो. टाळ्या वाजल्या.

गेल्या वर्षी प्रशिक्षण केंद्रातल्या एका अंध मुलीचा फोन आला. तिला सरकारी ऑर्डर येणार होती. सल्ला हवा होता.

"तिथे रोज काय काम असेल ते आधी विचार," मी म्हणालो. "कॉम्प्युटर देणार का, तेही लेखी घे."

मागे तिच्या आईचा आवाज येत होता, कोणाला तरी ही बातमी सांगत होती.

"काका," ती म्हणाली, "आधी ऑर्डर तर हातात येऊ दे."

मी तिला हो म्हणालो. तिच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.